वाळूतली कोंबडी

"बर्फाचा डबा नको," एवढंच हैबतराव बोलला अन् तिथनंच सगळं फिसकटलं. माणसानं वेळेवर तोंड मिटलं तर निम्मी भांडणं वाचतात. ह्याची तर कोंबडीही वाचली असती.

खांबचा हैबतराव म्हंजे वालाची शेती, दोन बैल अन् एक डोस्कं. बैल गरीब. डोस्कं कायम तापलेलं. त्याचा लहानपणचा दोस्त आरोन, गावातल्या इस्रायली, म्हंजे ज्यू लोकांतला. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. हैबतरावाची आय शेतावर गेली की हा आरोनच्या आयच्या, फ्लोराबायच्या चुलीपाशी ताट घेऊन बसायचा. पुढं ती सगळी मंडळी तिकडं इस्रायलला गेली. अन् सत्त्याण्णवच्या जानेवारीत आरोन बायकोला, नाओमीला घेऊन आला, तो घर विकायला.

घर विकलं म्हंजे परत यायचं कारण संपलं. हैबतरावाला ते कळत होतं, पण असलं नाजूक बोलायची त्याला सवय नाय. म्हणून तो खेकसला, "जायच्या आधी माझ्या हातची पोपटी खायची. नायतर तोंड दाखवू नको!"

"खातो ना," आरोन म्हणाला. "पण नदीवर. मी तंबू आणलाय. रातभर तिथंच ऱ्हाऊ."

"धा पावलांवर घर हाय अन् तंबूत झोपायचं? भिकेला लागलास काय?"

पण दोस्ताचा हट्ट. कबूल केलं.

आता पोपटी करायला कायच अवघड नाय. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं उपडं घालून वरनं पेंढा पेटवायचा. बास. पण आरोनच्या लोकांत कोंबडी त्यांच्याच जाणत्या माणसानं कापायला लागते. तसा माणूस उरलाय एकच, पेणला रामवाडीतले एझ्राकाका. वय ऐंशी. सकाळी सातला कापणार, नंतर हात थरथरतो म्हणतात. म्हंजे कोंबड्या मेल्या सातला अन् मडक्याला जाळ लागायचा संध्याकाळी सहाला. मधले अकरा तास त्यांना ठेवायचं कुठं?

(जिवंत कोंबडी कधी नासत नाय. एवढी साधी गोष्ट देवानं शिकवलीय, पण पाहुण्यांचा धर्म पडला मधी.)

आरोननं पेणवरनं येतानाच बंदोबस्त केला होता. दोन कोंबड्या, तिकडनं आणलेला निळा प्लॅस्टिकचा डबा, अन् त्यात बर्फाची फोडलेली लादी. नदीवर जीपमधनं डबा उतरला अन् हैबतरावाची तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय?"

"बर्फ. मांस गार ऱ्हातं. पोट बिघडत नाय."

"माझ्या हातचं खाऊन तुझं पोट कधी बिघडलं रे? बर्फ कुठला?"

"पेणच्या फॅक्टरीतला."

"तिथला बर्फ कुठं जातो ठाऊक हाय? कोळणींच्या पाट्यांत! जिथं कोळंबी झोपते तिथं तुझी कोंबडी झोपवणार? कोळंबी चालते तुमच्यात? बोलू एझ्राकाकांना?"

आरोननं डबा हुंगून बघितला. कोळंबी त्यांच्यात चालत नाय. नाओमी म्हणाली, "भाऊजी, बर्फ नवाकोरा आहे."

"वैनी, आणला कुणाच्या टेंपोनं? मच्छीच्याच ना?"

नाओमीपण डबा हुंगायला वाकली. हैबतराव एवढा फुगला की सदऱ्याचं बटण ताणलं. बायकोला म्हणाला, "मालू, कोंबड्यांना मीठमसाला लाव अन् मडक्यात भर. अन् दही लावू नको गो, आरोनला मटणात दही चालत नाय. ओल्या वाळूत पुरतो. आमचा आजा असंच ठेवायचा. बर्फाला गार वाटंल!"

मालूनं मडक्याचं तोंड फडक्यानं बांधून दिलं. हैबतरावानं पाण्याच्या कडेला हातभर खड्डा काढला, मडकं पुरलं, वर ओला गोणपाट, गोणपाटावर धोंडा. मग आंब्याखाली असा झोपला की चिलटं बिचारी कानात ओरडून दमली.

साडेतीनला उठून बघतो तर आरोननं तंबू ठोकलेला. कुठं? पार वाळूत, पाण्याला लागून.

"अरे ए शहाण्या! चारला वरच्या वीजघराचं पाणी सुटतं! तंबूसकट रोह्याला जाशील! उपट! वर घे!"

झाली पळापळ. खुंट्या उपटल्या, दोऱ्या गुंतल्या, कापड नाओमीच्या डोक्यावर पडलं. हैबतराव काठावर उभा राहून शिकवत होता.

"नदीची वेळ ज्याला ठाऊक नाय त्यानं काठाला येऊ नये!"

"अवो," मालू म्हणाली.

"मधी बोलू नको. चाळीस वर्सं बघतोय मी ही नदी!"

"अवो, ऐका तरी."

"पाणी कुणाचं नसतं आरोन! ते काय तुझा तंबू बघून थांबणार हाय?"

"अवो, मडकं."

हैबतरावानं वळून बघितलं. जिथं वाळू होती तिथं पाणी. मडकं पार मधल्या धारेला, आनंदात गोल गोल फिरत, रोह्याच्या दिशेनं. हा धोतरासकट पाण्यात पडला. हाती लागला गोणपाट.

वर येऊन त्यानं पहिल्यांदा वीजघराला शिव्या घातल्या, मग नदीला, मग तंबूला, मग आरोनला ("तू तंबू खाली ठोकलास म्हणून!"). सगळ्यांना घालून झाल्यावर मटकन खाली बसला. चेहरा पडला तो पडलाच.

"असूंदे रे हैबती," आरोन म्हणाला, "शेंगाअंड्यांची करू."

"अंडी खायला समुद्र ओलांडून आलास व्हय? पुन्हा कधी येणार तू? एक जेवण घालायचं होतं मला. एकच!"

मालूनं पदर खोचला, निळा डबा उघडला अन् आतनं घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला. त्यात दुसरी कोंबडी. मसाला लावलेली, गारेगार.

"मडक्यात एकच होती," ती म्हणाली.

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर दोन्ही रोह्याला गेल्या असत्या."

"अन् ती कोळंबी?"

"डब्यात डबा हाय. कोळंबीची काय हिंमत झाकण उघडायची?"

शेंगांसाठी आणलेल्या दुसऱ्या मडक्यात पोपटी लागली. पेंढा जळला, भांबुर्डीचा वास सुटला अन् मडकं उघडल्यावर जो तो पानावर तुटून पडला. एक तंगडी नाओमीला. दुसरी आरोननं उचलली, हैबतरावाकडं बघितलं अन् स्वतःच्याच पानात घेतली.

"माझी आय तंगडी तुला द्यायची, मला मान. का, तर तू पाहुणा. आज पाहुणा मी." अन् मान हैबतरावाच्या पानात टाकली.

हैबतरावानं ती मान अशी चावून खाल्ली की हाडाचा चुरा झाला. डोळे पुसले, धूर लागला म्हणाला. पण गप्प बसंल तर हैबतराव कसला?

"चांगलीय," तो म्हणाला. "पण वाळूतली असती ना, तर चव वेगळीच. आमचा आजा..."

मालूनं निळा डबा झाकण उघडून त्याच्यापुढं सरकवला.

"बर्फ उरलाय अवो, अन् जागापण झालीय. तुमचं डोस्कं ठेवा आत, नासायच्या आधी."