जिन्यात अडकल्या फळ्याची हकीकत

विद्येच्या दौलतीचे हितचिंतक, खडूचे धनी आणि छडीचे वारस अशा सकल गुणीजनांस विदित व्हावे की, सरकारी शाळेच्या सहावीच्या तुकडीस नवा फळा कैसा प्राप्त जाहला हे पुसाल, तर ती हकीकत ऐसी जे:

तुकडीचा जुना लाकडी फळा बहुत वर्षे चाकरी करून थकला होता. त्यावर खडू असा घसरे की लिहिले कोणते आणि पुसले कोणते, हे लिहिणारासही उमगेना. गणिताच्या बाई बोलावयास मऊ, परंतु जिद्दीच्या पक्क्या. त्यांनी अनुदान कचेरीकडे अर्जामागून अर्ज रवाना केले. मग कचेरीचे फर्मान आले की, फळा समक्ष पाहिल्याखेरीज नादुरुस्त मानता येत नाही, आणि पाहावयास यावे तर वाहनखर्चाची तरतूद नाही. इकडे सरकारी वर्ष सरत आले. आज संध्याकाळी शिल्लक अनुदान परत जाणार, ही खबर येताच बाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली. त्यांनी शिपाईमामांशी मसलत केली की, कचेरी फळ्याकडे येत नाही, तर फळाच कचेरीवर चालून जावा.

मग फळा भिंतीवरून उतरविला, हातगाडीवर चढविला, आणि भर बाजारातून मोटारी खोळंबवीत कूच केले. कचेरी वरच्या मजल्यावर, आणि जिना एकच, अरुंद आणि मध्ये काटकोनात वळलेला. बाई पुढून ओढीत, मामा मागून रेटीत वळणापावेतो आले, आणि तेथे फळा एक कोपरा कठड्यात व दुसरा भिंतीत रुतवून ऐसा ठाण मांडून बसला की वरून माणूस जाईना, खालून मांजर येईना.

मामांनी खालून पुकारा केला, "बाई, हा आता माझ्या बापालाही ऐकायचा नाही!"

बाई वरल्या पायरीवर मटकन बसल्या. अनुदान राहिले दूर, आता आहे तो फळाही गेला, ऐसे वाटून त्यांचे डोळे भरून आले. तोच वर कल्लोळ माजला. कारण अनुदानसाहेबांचा जेवणाचा डबा खाली दाखल जाहला होता, आणि फटीतून त्याचा केवळ वास वर येत होता. साहेब भुकेला अगदी कच्चे. ते जातीने जिन्यात आले, आणि तटबंदी पाहून सुतारास पाचारण करण्याचा हुकूम सोडिला. सुतार खालून करवत घेऊन आला. तो करवत लावणार, इतक्यात हेडक्लार्क सवयीने ओरडले, "साहेब, सरकारी वस्तू आहे! नादुरुस्तीचा हुकूम निघाल्याशिवाय कापता येणार नाही!"

साहेबांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की हेडक्लार्क भिंतीस चिकटले. परंतु नियम तो नियम.

बाईंनी डोळे पुसले, पर्समधून खडू काढिला आणि साहेबांपुढे धरिला. "सर, समक्ष तपासणी करायची होती ना? करा की. आता फळा तुमच्या दारात आलाय."

साहेबांनी फळ्यावर आपली लफ्फेदार सही ठोकिली. काही उमटले नाही. पुन्हा ठोकिली, दाबून ठोकिली. खडू मोडला, सही उमटेना. खालून मामा वदले, "सर, पोरं वर्षभर हेच वाचतायत!" तेव्हा साहेब प्रथम लाजले, मग खो खो हसू लागले, आणि हसता हसता गुडघ्यावर कागद ठेवून जुना फळा बाद आणि नवा मंजूर, ऐसे दोन्ही हुकूम तेथेच सहीनिशी दिले. मग करवत चालली, तट पडला, वेढा उठला, आणि डबा अग्रमानाने वर गेला. साहेबांनी बाईंस पोळीचा आग्रह केला. बाईंनी मामांनाही वर बोलाविले, आणि तिघांनी जिन्यातच बसून तह साजरा केला.

पुढे नवा फळा वर्गात स्थापन जाहला. बाईंनी त्यावर गृहपाठ लिहिला, तो शेवटल्या बाकापावेतो लख्ख दिसला, आणि "बाई, दिसलंच नाही" हा बहाणा त्या दिवसापासून कायमचा नष्ट जाहला. सबब दप्तरी नोंद केली ती येणेप्रमाणे: फत्ते बाईंची, कुमक मामांची, आणि शिकस्त सहावीच्या समस्त तुकडीची.