लेन्सच्या संरक्षणाचे नियम (तिसरा वगळून)

वापरलेली वस्तू खराब होते, हे माणसाला फार उशिरा कळलं. आमच्या दादाला ते दुकानातच कळलं.

दादाने कॅमेऱ्याची भारी लेन्स घेतली ती मुलीच्या पहिल्या पावलासाठी. वहिनीने मागितला होता तो एकच फोटो. तिच्या स्वतःच्या लहानपणाचा एकही फोटो नाही. दुकानदाराने सोबत काचेचा फिल्टर दिला. लेन्सला ओरखडा गेला तर लेन्स गेली, फिल्टर काय, बदलता येतो, असं तो म्हणाला. घरी येईपर्यंत दादाला पुढचा प्रश्न पडला होता: फिल्टरला ओरखडा गेला तर?

त्या दिवसापासून घरात पुढील नियम लागू आहेत.

१. लेन्सवर फिल्टर राहील. त्या फिल्टरच्या रक्षणासाठी त्यावर दुसरा फिल्टर राहील.

२. दुसऱ्या फिल्टरवर आलेलं पातळ प्लास्टिक काढू नये. (कंपनी वेडी आहे का?)

३. (हा नियम अजून कोरा आहे. लागू केल्यास खराब होईल.)

४. वर झाकण, मग पिशवी, मग डबा, मग कपाट. किल्ली दादाकडे.

वार्षिक आढावा: सुरक्षितता शंभर टक्के. फोटो शून्य. (दोन्ही आकडे समाधानकारक.)

एका रविवारी मुलीने सोफा सोडला. वहिनीने हाक मारली. दादा धावला, पण जपून. किल्ली, कपाट, डबा, पिशवी, झाकण. तोवर मुलगी चालून, पडून, टाळ्या घेऊन मोकळी झाली होती. वहिनीने तिला पुन्हा उभं केलं. फोटो निघाला. त्यात दाट धुकं होतं आणि धुक्यात एक डाग. तो बहुधा मुलगी.

"अहो, काढा ना ते सगळं," वहिनी म्हणाली.

प्लास्टिक निघालं, तर त्याचा चिकटा काचेवर राहिला. दोन्ही फिल्टर एकमेकांत असे रुतले होते की फिरेनात.

"जोर नको लावू," दादा कळवळला. "लेन्सला लागेल."

वहिनीने मुलीचा खरचटलेला गुडघा पुसला. "लेन्स दुकानात अजून आहेत हो," ती म्हणाली.

मुलगी आता पळते. दादाने लेन्स विकायला काढली आहे. जाहिरात खरी आहे: 'नव्यासारखी. आजवर काहीही पाहिलेलं नाही.'

तुम्ही इथवर दादाला हसत आलात, छान वाटलं. पण पहिला फोन तुमचाच होता. मालक का विकतोय, फोटो कसे येतात, काही विचारलं नाहीत. "ओरखडा नाही ना?" एवढंच विचारलंत.

आणि मग, जरा थांबून, "फिल्टरवर?"