इंजिनातली टकटक आणि गरुडाची नजर

“नजर गरुडाची, कान हरणाचे आणि मेंदू…” आरशासमोर उभं राहून तो रोज सकाळी स्वतःचं वर्णन करायचा. मेंदूपाशी आलं की त्याला साजेसा प्राणी सापडायचा नाही.

“मी सुचवू का?” आतून बायको विचारायची.

गरुड हे नाव त्याचं त्यानंच ठेवलं होतं. पोटापाण्याला चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाटीखाली दुसरी पाटी होती: ‘खासगी तपास. गुप्तता राखली जाईल.’ गुप्तता इतकी कडक राखली गेली होती की आजवर एकाही गिऱ्हाइकाला तिचा पत्ता लागला नव्हता. चष्मा शोधायला मात्र तो स्वतः रोज बायकोला हाक मारायचा.

बायको नर्स. अपघात विभागात इतकी वर्षं काढलेली, की सगळी गल्ली तिला नर्सबाईच म्हणायची. येत्या सोमवारी तिला गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात मुख्य नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं, तेही भल्या सकाळी. तिकडे त्या वेळेला बस नव्हती. होती ती तिची जुनी गाडी, आणि नेमकी तीच आठवडाभर कुरबुर करत होती. वेग घेतला की टक, टक, टक. आणखी वेग घेतला की टकटकटकटक. गाडी थांबली की चिडीचूप.

“बेअरिंग,” गरुडानं डोळे मिटून निदान केलं. “फारतर टॅपेट. रविवारी इंजिन उघडतो.”

नर्सबाईनं स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी त्यानं मिक्सर उघडला होता. मिक्सर अजून उघडाच होता.

म्हणून शनिवारी सकाळी तो दुकानात असताना ती एकटीच गाडी घेऊन मेकॅनिककडे गेली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, कान लावला, शेजारी बसून लांबवर चक्करही मारली. आवाज नाही.

“ताई, गाडी मख्खन आहे,” तो हात पुसत म्हणाला.

“मग रोज टकटक होते ती?”

“भास असतो. बायकांना जरा जास्तच ऐकू येतं. साहेबांना पाठवा ना, त्यांना कळेल नीट.”

नर्सबाईच्या जिभेवर एक उत्तर आलं होतं, ते तिनं गिळलं. नाहीतर मेकॅनिकलाच अपघात विभागात भरती करावं लागलं असतं. गाडीचं स्टिअरिंग बाईच्या हातात असलं की आवाज भासाचा, आणि साहेब शेजारी नुसते बसले तरी तेच तज्ज्ञ. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे, पण प्रवेश सगळ्यांनाच मिळालेला दिसतो.

परत येताना एक गोष्ट तिच्या डोक्यात मात्र पक्की बसली. घरी आली तर गरुड दुकान अर्ध्यातच बंद करून परतलेला. तिनं त्याला ती सांगितली. “अहो, तुम्ही गाडीत नसलात की आवाज येत नाही.”

गरुड येरझारा घालता घालता थांबला. “साहजिक आहे. सराईत गुन्हेगार आहे. मला बघून त्याचा धीर सुटतो.”

“इंजिनाचा?”

“गुन्हेगाराला हातपाय असावेच लागतात असं नाही, अगं. हा प्राथमिक धडा आहे.”

मग त्यानं ऑइल तपासायला घेतलं. इंजिनात ऑइल किती आहे हे दाखवणारी लांब दांडी असते, तिच्यावर वर एक खूण, खाली एक खूण. गाडी सपाटीवर उभी करायची, इंजिन जरा निवू द्यायचं, दांडी काढून पुसायची, परत घालायची, मग बघायचं. एवढंच काम, पण ते करायला माणूस सामान्य असावा लागतो. गरुड नव्हता. त्यानं अंगणात दांडी उपसली. ती वरच्या खुणेच्याही वर माखलेली.

“पुसून बघा ना,” नर्सबाई म्हणाली.

“पुरावा पुसायचा नसतो.”

दुपारी मात्र त्यानं मोठ्या मनानं बायकोचं ऐकलं. तोवर गाडी फाटकाच्या उतारावर नाक वर करून उभी होती. त्यानं दांडी काढली, हाताशी जे पांढरं फडकं होतं त्याला पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल खालच्या खुणेलाही टेकलेलं नव्हतं.

“चोरी,” गरुड हळूच म्हणाला. “भर दिवसा. सकाळी तुडुंब, दुपारी खडखडाट. आता कळलं इंजिन का कण्हतंय ते.”

“गाडी उतारावर आहे म्हणून तसं दिसतंय. आणि ते फडकं कुठलं घेतलंत?”

ते फडकं दोरीवर वाळत होतं. त्याला बाह्या होत्या. सोमवारसाठी शिवून आणलेला, एकदाच धुतलेला तिचा नवा युनिफॉर्म होता तो, आणि छातीवर आडवा काळा पट्टा उमटला होता.

नर्सबाईनं युनिफॉर्म दोरीवरून उतरवून उजेडात धरला. जखम किती खोल आहे ते आधी बघायचं, आरडाओरडा नंतर, ही तिची सवय.

गरुड तोवर फाटकावर पोचला होता. चौकीदार खुर्चीत बसून भांग पाडत होता. केस तेलानं चपचपीत. गरुडानं मागून जाऊन त्याच्या डोक्याचा दीर्घ वास घेतला.

“काय आहे का साहेब डोक्यात?”

“तेच बघतोय.”

“सापडलं तर मलाही सांगा. घरचे म्हणतात, काही नाही.”

गरुड घरी येऊन म्हणाला, “गुलाबाचा वास येतोय. चोर हुशार आहे, इंजिन ऑइलमध्ये अत्तर मिसळलंय.”

रविवारी सकाळी तो पाने-पक्कड घेऊन बॉनेटपाशी उभा राहिला. नर्सबाईनं आडवा हात घातला. “आधी एक फेरी. तुम्ही शेजारी बसायचं, मी चालवणार. आवाज कुठून येतो ते सापडलं, तर इंजिनाला बोट लावायचं नाही.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तर उद्या मी रुजू होणार नाही. मग आयुष्यभर दोन्ही वेळा माझ्यासमोर बसून जेवा.”

गरुडालाही त्यातला धोका कळला. तो बसला, दार आपटलं.

“पट्टा लावा,” ती सवयीनं म्हणाली. गाडीइतकंच हे वाक्यही जुनं होतं. पट्टा न लावलेली माणसं कशी येतात हे तिनं पाहिलं होतं, सांगितलं होतं, ओरडून सांगितलं होतं. त्याच्या बाजूचा पट्टा तर न वापरून इतका सैल पडला होता की आपसूक आत ओढलाही जायचा नाही.

“हेराला कुठल्याही क्षणी गाडीतून उडी मारावी लागते,” गरुड म्हणाला. आजवर त्यानं एकदाच मारली होती, तीही गाडी थांबल्यावर, पायाला मुंग्या आल्या म्हणून.

गाडी हमरस्त्याला लागली. टक, टक, टक.

“आला,” गरुड कुजबुजला. “डावीकडून येतोय. म्हणजे नक्की उजवीकडे आहे.”

एका फळवाल्यानं त्याच्या दाराकडे बोट दाखवलं. गरुडानं मान लववून नमस्कार स्वीकारला. “ओळखतात लोक.”

मग मागून स्कूटरवरची एक बाई हॉर्न वाजवत आली. ती हातवारे करत होती, त्याच्याच बाजूला बोट दाखवत होती.

“टोळी,” गरुडाचा आवाज चिरकला. “ऑइलवाली टोळी. वेग वाढव.”

नर्सबाईनं चुकून थोडा वाढवला. टकटकटकटक.

“बघ, इंजिनसुद्धा भेदरलं.”

“ती बाई काहीतरी सांगतेय, अहो.”

“धमकी देतेय. थांबू नकोस.”

नर्सबाई थांबली. सिग्नल लाल होता, आणि हिरवा असता तरी ती थांबली असती. स्कूटर बाजूला आली. बाईनं काचेवर टकटक केली. गरुडानं काच बोटभर खाली घेतली.

“ओ काका, दारातून पट्टा लोंबतोय. बक्कल आपटतंय पत्र्यावर. मागच्या चौकापासून बोंबलतेय मी, कानात बोळे घातलेत का?”

सिग्नल सुटला, स्कूटर गेली. नर्सबाईनं गाडी कडेला घेतली. त्यानं दार उघडलं, पट्टा मुकाट आत आला. पुढचा सगळा रस्ता गाडी मांजरीसारखी चालली.

गरुड खाकरला. “म्हणजे माझा पहिला संशय खरा ठरला. आरोपी गाडीतलाच निघाला.”

“आरोपी पट्टा. सूत्रधार कोण?”

“तो अजून मोकाट आहे.”

“तो घरी जाऊन युनिफॉर्म धुणार आहे.”

धुतला. डाग निघाला नाही, फिका झाला. सोमवारी सकाळी नर्सबाईनं त्यावर बिल्ला लावला, बराचसा झाकला गेला. गरुड दुकानापर्यंत सोबत म्हणून गाडीत बसला. तिनं किल्ली फिरवलीच नाही. बसून राहिली. शेवटी त्यानं पट्टा ओढला, लावला, आणि फाशीच्या कैद्यासारखा ताठ बसला. वाटभर गाडीत आवाज नव्हता.

“ऐकलंस?” तो म्हणाला. “माझा दरारा.”

दुकानापाशी त्याला बक्कल सुटेना. तिनं बटण दाबून त्याला मोकळा केला. तो उतरला, छाती काढली आणि दार दणकन लावलं.

गाडी सुटली. टक, टक, टक.

आरशात गरुड फुटपाथवरून धावत येत होता, दोन्ही हात हलवत. ओठांवरून कळत होतं काय ओरडतोय ते: इंजिन, इंजिन. नर्सबाईनं गाडी थांबवली, वाकून त्याच्या बाजूचं दार उघडलं, पट्टा आत घेतला, दार लावलं आणि तो पोचायच्या आत निघाली. पहिल्याच दिवशी उशीर झालेला तिला चालणार नव्हता.