लोतोआलाचं पोट

ऐन मतदानाच्या सकाळी लोतोआलाने पोट दुखवून घ्यायचं ठरवलं. दुसरा इलाजच नव्हता. पावसाने दडी मारली होती, टाक्यांनी तळ गाठला होता, तांदळाचं जहाज येता येत नव्हतं आणि सरकारवर अविश्वासाचा ठराव आला होता. संसदेत दोन्हीकडे सात-सात डोकी आणि मधोमध एकटा लोतोआला. पंतप्रधान तौसी त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. विरोधी नेता फालेफौ त्याचा सख्खा मावसभाऊ. इकडे हात वर केला तर मावशी फिरणार, तिकडे केला तर बायको. आणि बेट एवढं अरुंद की तोंड चुकवायला दुसरा रस्ता नाही.

"आई गं! मेलो!" तो चटईवर गडबडा लोळला.

त्याच्या बायकोने, मेलेसाने, डोळे बारीक केले. "मरा, पण दवाखान्यात जाऊन मरा. घरी मेलात तर लोक म्हणतील, सोंग केलं."

झालं. दवाखान्यात सिलिना नावाची नवी डॉक्टरीणबाई होती. तिने पोटावर बोट दाबलं.

"इथे दुखतं?"

"हो!"

"आणि इथे?"

"फार!"

नेमकं कुठे दुखायला हवं हे ठाऊक नसल्यामुळे लोतोआला सगळीकडेच ओरडत होता.

तेवढ्यात तौसी धापा टाकत आला. "दाजी, घाबरू नका. सभापतींना सांगून सगळी संसदच इथे आणतो. तुम्ही खाटेवरूनच हात वर करा."

लोतोआलाने हात लुळा टाकला. "अरे, हातसुद्धा उचलत नाही रे!"

सिलिनाचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे आत काहीतरी फुटलंय. आत्ताच पोट उघडावं लागेल."

"उघडा, बाई, उघडा! आम्ही मतदान उरकतो," म्हणत तौसी गेला.

नर्सने लोतोआलाला मागून उघडा झगा चढवला. पडद्याआड हत्यारं खणखणली.  खरं सांगावं तर नाक कापलं जाणार, न सांगावं तर पोट! सिलिना हात धुवायला वळली आणि तो खाटेवरून उडी मारून पळाला. एका हाताने मागून झगा धरलेला, पाठीमागे मेलेसाच्या हाका, अशा थाटात विमानाची धावपट्टी ओलांडून तो थेट सभागृहात घुसला.

"ज्यांचा सरकारवर विश्वास नाही," सभापती म्हणत होते, "त्यांनी हात—"

"वाचवा! कापतायत मला!" लोतोआलाने मोकळा हात उंच केला.

सभापतींनी हात मोजले. "आठ विरुद्ध सात. सरकार पडलं."

 धिप्पाड तौसी उठून संथपणे त्याच्याकडे चालत आला. लोतोआलाने डोळे गच्च मिटले.

गळ्यात काहीतरी मऊ पडलं. तौसीने स्वतःचा फुलांचा हार त्याला घातला होता. "दाजी, उपकार झाले. किती दिवसांत सुखाने गळ टाकला नाही हो!" आणि तो शीळ घालत बाहेर पडला.

लोतोआलाने भीतभीत मावसभावाकडे पाहिलं. फालेफौ पांढराफटक पडला होता.

"गाढवा, ठराव दरवेळी पडतो म्हणून तर आणला होता!" तो दातओठ खात पुटपुटला. "आता तांदूळ काय तुझ्या मावशीच्या परसातून काढू?"

त्याने लोतोआलाचं मनगट धरलं. बोटं थंडगार होती.

"तू मला सोडून कुठे जाऊ नकोस हं," होऊ घातलेले पंतप्रधान म्हणाले.