डाग्नीच्या सात पिढ्या

हालवार शर्यतीत पहिला आला. पण आपण असं धरून चालू की तो पहिला आला नाही. किंबहुना शर्यत झालीच नाही. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कमध्ये, सध्या सगळे तसंच धरून चालतात, निदान हालवार समोर असताना.

तर त्या न झालेल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी हालवार स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. त्याची स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारे आठही कुत्रे अस्सल सायबेरियन हस्की. म्होरकी डाग्नी. तिची सात पिढ्यांची वंशावळ फ्रिजवर चिकटवलेली होती; स्वतःच्या पणजोबांचं नाव मात्र हालवारला बायकोला विचारावं लागे. डाग्नीला स्वीडनच्या एका विजेत्या हस्कीचं स्थळ आलं होतं. अट एकच: नवरीने अधिकृत शर्यत पूर्ण केलेली हवी. मोसमातली शेवटची शर्यत उद्या होती, आणि डाग्नी नेमकी माजावर आली होती.

"घरी ठेव तिला," बायको इंगुन म्हणाली.

"उलट बरंच आहे. ती पुढे, सात नर मागे. बघ कसे पळतात."

"आणि बाकीच्यांचे नर?"

"डाग्नी ढुंकूनही बघायची नाही. शुद्ध रक्ताला संयम असतो, इंगुन."

"तुझं कसलं आहे मग? सकाळपासून फरशी झिजवतोयस."

दुसऱ्या दिवशी हालवार सुटला आणि दोन मिनिटांनी त्याच्यामागे शेजारीण गुन्वोर. तिच्या कुत्र्यांत कोण कोणाचं कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिचा म्होरक्या पोल्से: पाय शिकारी कुत्र्याचे, शेपूट मेंढ्यांमागच्या कुत्र्याचं, एक कान उभा आणि दुसरा रजेवर. वारा समोरून होता. म्हणजे डाग्नीची बातमी थेट मागे पोचत होती.

पाचव्या किलोमीटरला मागून हाक आली, "वाट!"

मागच्याने वाट मागितली की पुढच्याने कडेला थांबायचं, हा नियम तिथे चालायच्या आधी शिकवतात. हालवारने ब्रेकवर पाय ठेवला आणि मागे पाहिलं. पोल्सेची नजर वाटेवर नव्हती. हालवारने पाय उचलला.

"हालवार, वाट दे की!"

"तुझा कुत्रा पुढे जाणार नाही, तो इथेच थांबणार!"

"मग मी काय करू? मी नुसती मागे उभी आहे!"

पुढचे पंचेचाळीस किलोमीटर हालवार लेकीला घेऊन पळणाऱ्या बापासारखा पळाला. चढावर उतरून त्याने स्वतः स्लेज ढकलली. घामाने टोपी गोठून डोक्याला चिकटली. त्याने सगळ्यांना मागे टाकलं आणि तो पहिला आला.

"वाट दिली नाहीस. बाद," पंच म्हणाला. "तू धावलाच नाहीस असं धरू."

हालवारने बर्फात हुक रोवून स्लेज अडकवली आणि पंचाच्या तंबूत घुसला. "मी मुलीची अब्रू वाचवत होतो."

"नियमात अब्रूचं कलम नाही."

"मग कलम घाला. मी इथेच बसतो."

अकरा मिनिटं तो भांडला. मग त्याच्या लक्षात आलं की बाहेर फार शांत आहे. त्याचे आठ आणि मागोमाग पोचलेल्या गुन्वोरचे आठ, असे सोळा कुत्रे शांत कधीच नसतात.

तो धावत बाहेर आला. डाग्नी आणि पोल्से पाठीला पाठ लावून, ओळख नसल्यासारखे उभे होते. बाकीचे चौदा अदबीने बसले होते.

"आता अर्धा तास कोणी काही करू शकत नाही," गुन्वोर थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाली.

"तुझ्या कुत्र्याला आवरता आलं नाही?"

"तो जागचा हलला नाही, बाबा. तुझी डाग्नी अख्खी पलटण वळवून घेऊन आली." तिने कप पुढे केला. "घ्या, व्याही."

नऊ आठवड्यांनी सात पिल्लं झाली. सातही निळ्या डोळ्यांची, आणि सातांचाही एक कान रजेवर. स्वीडनहून फक्त अभिनंदनाचं कार्ड आलं. हालवारने त्याच रात्री अर्ज लिहायला घेतला:

"मा. सचिव, श्वानवंश नोंदणी मंडळ यांस. ज्या शर्यतीनंतर सदर प्रकार घडला, तीत मी धावलोच नाही असे पंचांनी ठरविले आहे. सबब माझी कुत्री तेथे नव्हती व सदर प्रकारही घडलेला नाही. तरी सातही पिल्लांची शुद्ध सायबेरियन म्हणून नोंद व्हावी, वडिलांच्या रकान्यात 'समोरचा वारा' असे लिहावे, आणि सदर वाऱ्याची सात पिढ्यांची वंशावळ मंडळानेच परस्पर पुरवावी, ही नम्र विनंती."