आभार मानल्यामुळे अपात्र

यंदाचा थॅक्स्टर पुरस्कार प्रा. विनिफ्रेड हॅस्केल यांच्या पुस्तकाला एकमताने देण्यात आला. तसं काहीही झालेलं नाही, हेही इथेच नमूद केलेलं बरं. जे घडतं तो इतिहास नव्हे. घडलेल्यापैकी समिती जे मंजूर करते, तो इतिहास. अमेरिकेच्या इतिहासावरच्या ग्रंथांचा हा परमोच्च सन्मान हे तत्त्व कसोशीने पाळत आला आहे.

(पुरस्कार ज्यांच्या नावाने आहे त्या अल्वा थॅक्स्टर यांनी बोस्टनमध्ये बुटांच्या नाड्या विकून अमाप पैसा केला. इतिहासाचं पुस्तक त्यांनी आयुष्यात उघडलं नाही. परीक्षकांनी ही परंपरा जपली आहे.)

प्रा. हॅस्केल यांचं, म्हणजे विनीचं, पुस्तक होतं, ‘आत येऊ नये : एका पाटीचा इतिहास’. ओहायोतल्या शेतकऱ्यांनी ही पाटी कधी ठोकली, कोणत्या लाकडावर, केवढ्या अक्षरांत, यात तिची अकरा वर्षं गेली. पाटी ठोकण्याआधी ती जमीन कोणाची होती आणि त्यांना तिथून कसं हुसकून लावलं, हे शेवटच्या प्रकरणात येतं. शेवटचं प्रकरण वाचायची या क्षेत्रात पद्धत नाही.

पद्धत अशी आहे की विद्वान मंडळी पुस्तक मागून उघडतात. आधी नामसूचीत स्वतःचं नाव शोधायचं. तिथे नसलं तर ऋणनिर्देशात बघायचं. तिथेही नसलं तर पुस्तक उथळ आहे.

विनीच्या कॉलेजने तिला मे महिन्यापर्यंत मुदत दिली होती. थॅक्स्टर मिळाला तर कायम नेमणूक. नाही तर गाशा गुंडाळून टोलेडो. तिथे तिच्या बहिणीचं, डॉटीचं, टायरचं दुकान होतं आणि डॉटीने काउंटरमागे एक जादा खुर्ची आणूनही ठेवली होती.

अशा वेळी विभागप्रमुख नॉर्मन ट्विचेल मदतीला धावले, म्हणजे त्यांनी सल्ला दिला.

“विनी, आभार मानताना हात आखडू नकोस. ज्याचे मानशील तो विसरून जाईल. ज्याचे मानणार नाहीस तो मरेपर्यंत लक्षात ठेवेल.”

“पण नॉर्मन, मला मदत कोणीच केली नाही.”

“म्हणूनच सगळ्यांचे मान. एखाद्यालाच वगळलंस तर उगाच खरं लिहिल्यासारखं वाटतं.”

तेव्हा विनीने चौदा पानं आभार मानले. ज्यांनी पत्रांना उत्तर दिलं नाही त्यांचे ‘संयमी पाठिंब्याबद्दल’, तिच्या भाषणात जे झोपले त्यांचे ‘विश्वासपूर्ण श्रवणाबद्दल’, आणि कोण कधी परीक्षक होईल याचा नेम नसल्याने काही ज्येष्ठांच्या कुत्र्यांचेही. शेवटची ओळ होती : ‘आणि अर्थातच, वाचकांचे.’

आता नियम चार. ज्या परीक्षकाचे पुस्तकात आभार असतील त्याने त्या पुस्तकाच्या चर्चेवेळी खोलीबाहेर जावं. हेतू निःपक्षपातीपणाचा. परिणाम असा, की ज्याचे आभार मानलेत तो बाहेर जातो आणि ज्याचे मानलेले नाहीत तो आत बसून निकाल देतो. पहिल्या पुस्तकाला तिघा परीक्षकांपैकी प्रा. बीड बाहेर गेले. आत उरलेल्या स्ट्रॉमबाई “उथळ” म्हणाल्या आणि प्रा. लँगलींनी मान डोलावली. दुसऱ्याला लँगली बाहेर, बीड म्हणाले, “भयंकर उथळ.” दुपारपर्यंत अमेरिकेचा समग्र इतिहास उथळ ठरला.

मग विनीचं पुस्तक आलं. तिघेही उठले आणि बाहेर जाऊन कॉफीच्या यंत्रापाशी उभे राहिले. आत डोनटची बशी आणि चिटणीस मिसेस डोलान. “कोणाचा आक्षेप?” त्यांनी नियमानुसार विचारलं. कोणी काही बोललं नाही. ‘एकमताने मंजूर.’ इतकी सुसंस्कृत चर्चा थॅक्स्टरच्या खोलीत पूर्वी झाली नव्हती.

नॉर्मननी केक आणला. विनीने फोनवर सांगितलं, “डॉटी, ती खुर्ची विकून टाक.”

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी निकाल वर्तमानपत्रात वाचला आणि ते हादरले. जिने आपले आभार मानले तिलाच पुरस्कार? लोक काय म्हणतील? तेव्हा निकाल लागलाच नव्हता असं एकमताने ठरलं. (या वेळी तिघेही आत होते.) उरलेला केक नॉर्मन घरी घेऊन गेले.

तरी नियम नऊने दार किलकिलं ठेवलं होतं. आभार मानलेल्या प्रत्येकाने ‘मी काहीही मदत केलेली नाही’ असं लिहून दिलं, तर आभार रद्द होतात आणि पुरस्कार पुन्हा जिवंत होतो. विनीला हायसं वाटलं. लोकांना फक्त खरं तेच तर लिहायचं होतं! तिने लँगलींना फोन लावला.

“ड्वाइट, तुम्ही मला मदत केली नाही, एवढं लिहून द्याल का?”

“असं कसं? शिकागोच्या परिषदेत, लिफ्टमध्ये, तू मला तुझा विषय सांगितलास. तेव्हा मी काय म्हणालो होतो?”

“‘कितवा मजला?’”

“बघ! तिथून तुला दिशा मिळाली.”

स्ट्रॉमबाई दुखावल्या. “अगं, तू माझ्या बिस्मार्कचेही आभार मानलेस. त्या मुक्या जिवाच्या वतीने मी खोटं लिहू?” बीड म्हणाले, की नीट आठवून पाहता पुस्तक जवळजवळ त्यांनीच लिहिलं आहे. नॉर्मननी तर कागद हातातही घेतला नाही. “मी सल्ला दिला होता,” ते म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

एकटी डॉटी तयार झाली. “मी कुठे काय केलं? आण कागद, करते सही.” अकरा हिवाळे विनीच्या खटाऱ्याचे टायर तिने फुकट बदलले होते आणि सुट्टीच्या दिवशी पाट्या बघत तिला ओहायोभर फिरवलं होतं. पण तिची सही चालेना. चौदा पानांत डॉटीचे आभार मानायचे राहून गेले होते.

“असू दे गं,” डॉटी म्हणाली. “खुर्ची अजून विकलेली नाही.”

एप्रिल संपत आला आहे. मंडळींपैकी कोणीही सही दिलेली नाही. समितीच्या मते आता फक्त आभारांच्या शेवटच्या ओळीतल्यांना विचारायचं राहिलं आहे.

सबब, इथवर आलेल्या सर्व वाचकांस विनंती की, आपण सदर पुस्तक विकत घेतलेले नाही, वाचलेले नाही, त्याचे शेवटचे प्रकरण वाचण्याचा आपला इरादाही नाही, आणि तरीही त्याविषयीचे आपले मत केव्हाच तयार आहे, असे प्रमाणपत्र खऱ्या नावानिशी व सहीनिशी एक मेच्या आत थॅक्स्टर समितीकडे पोचते करावे. सहीपूर्वी नामसूचीत आपले नाव शोधू नये.