चाळिसावं तुळशीपत्र

माझ्यासारखा पक्का माणूस अख्ख्या रोहा तालुक्यात शोधून सापडायचा नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत मानत होतो. तीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकुनी केली, एक कागद हरवू दिला नाही. अष्टमी गावच्या देवळातलं कीर्तन तर पूर्वरंगापासून आरतीपर्यंत ऐकतो, डुलकी म्हणून घेत नाही. एकदा घेतली होती, पण तेव्हा पेटीवाला माझ्या आधी झोपला होता!

म्हणून वरसे गावातल्या आमच्या बचत गटाला परदेशातून वालाची मागणी आली, तेव्हा कागदपत्रांचं काम मी छाती पुढे काढून अंगावर घेतलं. गटाची अध्यक्ष सगुणा ही माझ्या धाकट्या चुलतभावाची बायको. ती म्हणाली, "दादा, जमंल ना? पयलीच खेप हाय."

"गुणाजीनं हातात घेतलेलं काम आणि बुवांनी लावलेलं कथानक, दोन्ही शेवटाला जाणारच," मी म्हणालो.

मागणी होती मॉरिशसमधल्या एका मराठी दुकानदाराची. त्याचे पणजोबा कधीकाळी कोकणातून तिकडे गेलेले, आणि याला आता आमचे कडवे वाल हवे होते. चाळीस पोती. माल वेळेत पोचला तर दरवर्षी घेईन म्हणाला, नाहीतर त्यानं दुसरीकडे विचारून ठेवलेलंच होतं. गटातल्या दोघींनी तर या भरवशावर कंपनीतली कंत्राटी शिफ्ट सोडून भातकापणीनंतर वाल पेरले होते. म्हणजे खेप चुकली, तर चूल कुणाची विझणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

परदेशात धान्य पाठवायचं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा कळलं. अहो, मुलीचं लग्न सोपं! नोंदणी, परवाना, तिकडच्या सरकारची परवानगी, कीड मरावी म्हणून पोत्यांना धुरी, आणि सगळ्यांत शेवटी मालात कीड, माती, पालापाचोळा काही नाही असा सरकारी दाखला. तो द्यायला ऋतुजा मॅडम पेणच्या गोदामात येणार होत्या. त्यांची सही झाली की नाथाचा ट्रक निघणार आणि सहाच्या आत बंदराच्या फाटकातून आत जाणार. सहानंतर फाटक बंद, आणि बोट कुणासाठी थांबत नाही.

तर त्या सकाळी धुरी देऊन झाली होती आणि पोत्यांची तोंडं शिवायची होती. बायका चहाला गेल्या. मी एकटा. माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली चाळीस तुळशीपत्रं होती, अंघोळ करून, वृंदावनाला हात जोडून खुडलेली. आमच्या घरातून दुसऱ्याला काही द्यायचं तर त्यावर तुळशीपत्र ठेवल्याशिवाय हात पुढे होत नाही. इथं तर माल सातासमुद्रापार निघाला होता, तोही कोकणातल्या माणसाच्या पणतवंडाकडे! मी प्रत्येक पोत्यात एकेक पान ठेवलं, हात जोडले आणि सुतळीनं तोंडं शिवून टाकली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

दहाला मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण चेहरा असा की वाल आपोआप रांगेत उभे राहावेत. त्यांनी पहिल्या पोत्यात परखी खुपसली. परखी म्हणजे शिवण न उसवता पोत्यातलं धान्य बाहेर काढायची ती टोकदार लोखंडी नळी. नळीतून वाल आले आणि त्यांच्यावर बसून, नवरदेवासारखं, माझं तुळशीपत्र आलं.

"हे काय?"

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मीच पुढे झालो आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "तुळशीपत्र आहे मॅडम. प्रत्येक पोत्यात एक. मोजून चाळीस ठेवलीत."

सगुणानं कपाळावर हात मारला.

मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! धुरी दिल्यानंतर आत गेलेलं हिरवं पान, त्याच्या पाठीमागे डोळ्यांना न दिसणारी किड्याची अंडी असू शकतात. ती तिकडच्या उसात, भाज्यांत पसरली तर तिथल्या शेतकऱ्यानं कुणाकडे बघायचं? म्हणून असं एक पान सापडलं तरी ते लोक माल परत पाठवतात, नाहीतर जाळतात.

"काका, तुमच्या घरात बाहेरच्या चपला घालून देवघरात जाऊ देता?"

"छे!"

"त्यांचंही तसंच आहे."

एका देशाचंसुद्धा सोवळं असतं, हे मला बासष्टाव्या वर्षी पेणच्या गोदामात कळलं. आमचे बुवा एवढ्या कमी शब्दांत कधी सांगत नाहीत.

"आता पुढं काय वो?" सगुणानं विचारलं.

"सगळी पोती उसवा, माल चाळा. काकांनी मोजून चाळीस सांगितलीत, तेव्हा चाळीस पानं या ताटात दिसली की पुन्हा तपासते आणि सही करते. एकोणचाळिसावर नाही."

माझा मोजून काम करायचा स्वभाव असा अंगाशी आला!

ताडपत्र्या अंथरल्या. अकरा बायका, अकरा सुपं. नाथासुद्धा लुंगी खोचून चाळण घेऊन बसला आणि म्हणाला, "म्हाराज, पुढच्या येळेला नारळ ठेवा. दिसतो तरी." पान सापडलं की ते माझ्याकडे यायचं आणि मी ताटात ठेवायचो. बोलायचं धाडस मला नव्हतं, म्हणून मनातल्या मनात नामस्मरण करत होतो.

तीन वाजता चाळणं संपलं. मॅडमनी ताट मोजलं. एकोणचाळीस.

पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. मग सगळे वाल पुन्हा सुपात! पोती झटकली, ताडपत्र्या झटकल्या, नाथाची लुंगीही झटकून झाली. साडेतीन वाजले. शिफ्ट सोडलेली अनिता सूप खाली ठेवून नुसतीच भिंतीकडे बघत बसली होती. ते मला बघवेना. मी मॅडमपुढे गेलो आणि हात जोडले.

"मॅडम, चूक माझी आहे. या बायकांनी काही केलेलं नाही. ते एक पान..."

मॅडम माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. "काका, जरा दात दाखवा."

मला वाटलं, ही काय थट्टेची वेळ आहे? पण दाखवले. सगुणा पुढे आली, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "दादा, पान तुमच्या फटीत हाय."

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? तीस वर्षं कीर्तनाच्या शेवटी तळहातावर तुळशीपत्र येतं, ते कपाळाला लागतं आणि तोंडात जातं. नामस्मरण चालू असताना हातावर पान आलं. हाताला काय कळतं, मंदिर कुठलं आणि गोदाम कुठलं!

मॅडमनी पोती पुन्हा तपासली आणि नोंदवही उघडली. एकोणचाळीस पानं: पाठवणाऱ्याला परत. चाळिसाव्यापाशी त्यांचं पेन थांबलं. "याची विल्हेवाट कशी लावली म्हणून लिहू?"

"लिवा," सगुणा म्हणाली, "गिळलं."

पोती शिवून, भरून ट्रक पावणेपाचला निघाला आणि सहाला सात मिनिटं असताना फाटकातून आत गेला. नाथाचा फोन आला तेव्हा अनिता रडली आणि मग मला चहा दिला. साखर जरा जास्तच होती.

मॉरिशसच्या दुकानदारानं पुढच्या खेपेचीही मागणी नोंदवली. परवा तो माल भरायला मी गोदामावर गेलो. सगुणा दारातच उभी होती. तिनं माझी पिशवी बाहेर ठेवायला लावली, टोपी झटकली, दोन्ही खिसे उलटे केले. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तिनं हात आडवा धरला.

"थांबा दादा. आता आ करा."